आम्रखंड वाढलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला मी माझ्या गुडघ्याच्या एक्सरेपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

गोष्ट तशी आम्रखंडाच्या एका डब्याची आहे. हसू नका. म्हणजे, हसलात तरी चालेल — आमच्या घरात बारा वर्षं हसतातच आहेत.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वागळे इस्टेटमध्ये एका मसाल्याच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पाकिटावर तारीख उमटली की नाही, आकडा पुसट आहे का, महिना बरोबर आहे का, हे बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. घरातही मी तशीच. फ्रीज उघडला की हात आधी डबा उलटा करतो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत बायका मला गमतीने ‘एक्स्पायरी मॅडम’ म्हणतात, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

आणि घरात होत्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायचे. त्यांचा कारभार नाकावर. पातेलं नाकाशी नेलं, ‘उतरलंय’ म्हणाल्या, की विषय मिटला. लोणचं, मेतकूट, सांडगे, यांना कसली आलीय तारीख, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माघारी मी त्यांची मेतकुटाची बरणी रिकामी करून, घासून, पालथी घालून ठेवलेली आहे. एकदा नाही, तीनदा. त्यांनी पुन्हा दळून आणलं. बेस्ट बिफोर उलटली म्हणजे पदार्थाचं लगेच विष होतं असं नाही, हे मला पक्कं ठाऊक — नोकरीच ती. पण घरात मी हे कधी बोलले नाही. कशाला बोलू? माझा सगळा रुबाब त्या तारखेवरच तर होता.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. ‘संपलं’ हा शब्द त्या तोंडातून काढायच्या नाहीत. भरल्या घरात असं बोलू नये म्हणून उलटं बोलायचं. तांदूळ संपले की ‘तांदूळ वाढले’. मीठ वाढलं. गॅस वाढला. एकदा तर ‘टूथपेस्ट वाढलीय रे’ म्हणून त्यांनी उदयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुकानात पिटाळलं होतं. मी लग्न होऊन नवी नवी आलेले तेव्हा ‘साखर वाढलीय गं’ ऐकून डबा भरलाय असं समजले, आणि चौघा पाहुण्यांना चहा उकळायला ठेवल्यावर डब्यात हात घातला तर तळाला चार दाणे. अय्या, किती लाजलेले मी! तेव्हापासून तो शब्द डोक्यात पक्का बसला. म्हणजे त्याचा अर्थ मला कळला नाही, असं मला म्हणता येत नाही. हे जरा लक्षात ठेवा.

आणि जेवायला वाढायच्याही त्याच. रांधायचं मी, वाढायचं त्यांनी, असं आपोआप ठरून गेलेलं. उदयला दुसऱ्या भाताला तूप, सईला — माझ्या मुलीला — वरणात गुळाचा खडा, मला पोळी कडेची आणि जरा करपलेली. हे मी कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बघून ठेवलेलं.

तर तो रविवार. सई सात वर्षांची. उदयचे काका आमच्याकडे राहून निघालेले, त्यांना एसटीत बसवायला उदय ठाण्याला, खोपटच्या स्टँडवर गेलेला. आई सकाळीच खडवलीला त्यांच्या बहिणीकडे. घरात मी आणि सई, आणि सईला पुरी-आम्रखंडच हवं होतं. भोकाड पसरलेलं. डबा फ्रीजमध्ये मागे होता, निम्मा खाल्लेला. सवयीने उलटा केला.

तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

इथे जरा थांबते... थांबून काय करणार म्हणा. वास येत होता का? येत होता, थोडासा. आम्रखंड आंबटच असतं, असं म्हटलं मनाशी. मग टाकलं का नाही? कचऱ्याच्या डब्यात आईंना दिसलं असतं. तो डबा मीच आणलेला, मीच मागे सारून विसरलेले. ज्यांची बरणी मी तीनदा पालथी घातली, त्यांच्यासमोर माझा डबा टाकायचा? छे. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

सईला मी चार पुऱ्यांबरोबर वाढलं. स्वतःही वाटीभर खाल्लं. मला काही झालं नाही.

तीनच्या सुमारास आई आल्या. चहासाठी दूध काढताना त्यांच्या हाताला तो डबा लागला असणार. झाकण उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा. डबा धुऊन ठेवत होत्या, असले डबे त्या टाकायच्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, “मेधा, ते आम्रखंड वाढलं गं.” मला कळलं. उतरलेलं ओतून दिलं, विषय संपवला. अन्न ‘फेकलं’ असंही त्या म्हणायच्या नाहीत. मी “बरं” म्हणाले.

संध्याकाळी सईला उलट्या सुरू झाल्या. एक, दोन, मग मोजायच्या सोडल्या. डोळे खोल गेले, ओठ सुकले. उदय तोवर परतलेला, दोघांनी तिला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी “नेहमीचंच” म्हणाले. सई ग्लानीत पुटपुटली, “आम्रखंड.” तेवढ्यात आई थर्मास घेऊन पोचलेल्या. उदय त्यांच्याकडे वळला.

“आई, कुठलं आम्रखंड? आहे का घरात ते?”

“ते दुपारीच वाढलं,” आई म्हणाल्या.

त्याला काय ऐकू आलं, ते तुम्हाला कळलंच असेल. एरवी आईची भाषा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायची. पण पोरगी समोर तशी पडलेली. तो नर्ससमोर ओरडला, “तारीख बघायला काय होतं गं तुला? मेधा घसा फोडून सांगत असते तरी!”

“अरे, तसं नव्हे —” आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

मी सईच्या पायांवरची चादर सारखी करत होते. त्या वाट बघत होत्या, हे मला न बघताही कळत होतं. ‘तसं नव्हे’च्या पुढचं वाक्य माझं होतं. किती वेळ गेला? नर्सने सलाईनची बाटली बदलली, एवढा. मग आईंनी थर्मास टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

डॉक्टर नंतर म्हणाले की कशानेही झालं असेल, शाळेतल्या पाण्यानेसुद्धा. ते मी इथे पुढे करत नाही. तिसऱ्या दिवशी सई घरी आली आणि आठवड्यात उड्या मारायला लागली.

सई घरी आली त्या रात्री जेवताना आईंनी डाव माझ्याकडे सरकवला. “तू वाढ,” म्हणाल्या. पुढची अकरा वर्षं त्यांनी कुणाच्या पानात काही वाढलं नाही. दिवाळीला नाही, उदयच्या वाढदिवसाला नाही. मेतकूट केलं नाही. बिस्किटाचा पुडा फोडायचा तरी माझ्याकडे घेऊन यायच्या, “बघ गं, बरी आहे ना तारीख?” मी बघायचे. बरी आहे म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी कडाकडा भांडले तरी असते.

आणि एक दिवस त्या सहज म्हणाल्या, “तांदूळ संपले.” मी ओट्यापाशी उभी होते. संपले? मी वळून बघितलं, तर त्या यादीत लिहीत होत्या. त्यानंतर आमच्या घरात सगळं संपायलाच लागलं. मीठ, साखर, तेल. उदयच्या कधी लक्षातही आलं नाही. माझ्या दर वेळी यायचं.

हसण्याचं म्हणाले ना? सईची ती आवडती गोष्ट. पाहुणे आले की सुरू, “आजीने मला लहानपणी विष घातलेलं, माहितीये?” सगळे हसायचे. आईही हसायच्या. मीही. सईला तर आता आजीने स्वतःच्या हाताने पुरी भरवल्याचं आठवतंसुद्धा. शपथेवर सांगते ती, आजीच्या बांगड्या दिसतात म्हणते. मी ऐकून घेते.

मागच्या वर्षी आई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याजवळ मीच असायचे, बोलायला वेळ भरपूर होता. औषधाच्या बाटलीवरची तारीख तेवढी वाचून दाखवली.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. घरचेच बसलेले, वाढत मी होते. सईने खिरीला वाटी पुढे केली. मी पातेलं कलतं केलं, आत काही नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खीर वाढली गं.”

“कुठे वाढलीस? वाटी रिकामीच आहे माझी,” सई म्हणाली.

उदय हसला. “अगं, वाढली म्हणजे संपली. आजी नाही का तुझी म्हणायची —”

आणि थांबला. हात भातातच राहिला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच, आईंनी बघितलेलं.

“ताक वाढू का?” मी विचारलं.

त्याने वाटी पुढे केली. मी ताक वाढलं, तो प्यायला, हात धुवायला उठला. काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. हल्ली सईने ती गोष्ट काढली की तो मात्र उठून गॅलरीत जातो. मी बसून राहते.

ते आम्रखंड मी वाढलं होतं. तारीख उलटून नऊ दिवस झालेले, आणि मी ती चष्मा लावून वाचलेली.