भट्टीनं खाल्लेल्या नळ्या

अवसरीचा हौशीराम पेठजवळच्या कारखान्यात भट्टीचं तापमान बघायचा. हजार अंशांत उघडी तार टिकत नाही, म्हणून मोजायची तार चिनीमातीच्या, एका टोकाला बंद असलेल्या लांब नळीत घालून भट्टीत सोडायची. नळी तडकली की मीटर थापा मारायचा, मग नवी नळी. हौशीरामाच्या हाताखाली नळ्या जरा जास्तच तडकायच्या.

"भट्टी लई खादाड हाय," एवढंच तो सांगायचा.

सत्त्याण्णव साली कारखान्याच्या मुख्य कचेरीतून औटी साहेब हा खादाडपणा तपासायला आले. दिवसभर भट्टीपुढं भाजून निघाले, पण सापडलं काही नाही. आता हौशीरामानं त्यांना सुखानं जाऊ द्यावं की नाही? पण पावण्याला चहाशिवाय धाडायचं नाही, ही खोड नडली.

घरी चूल धुमसत होती. हौशीरामाच्या बायकोनं, साळुबाईनं, पांढरी नळी ओठाला लावली आणि फुंकर घातली.

साहेब बघतच राहिले. "वहिनी, फुंकणी छान आहे."

"व्हय, व्हटाला चटका बसत न्हाई. समद्या भावकीत हीच हाय. ह्ये नवी आणत्यात अन् टोक मोडून देत्यात."

हौशीराम आढ्याकडं बघत बसला.

साहेबांनी बशीतला चहा संपवला. "हौशीराम, आमची आई राजुरीला चुलीवरच भाकरी करते. भट्टीला म्हणावं, अजून एक खा."