कोल्ह्यासाठी टाकलेला उजेड

हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हा किस्सा हसतच सांगायला घेतो, फक्त मध्येच कुठेतरी हसायचं राहून जातं.

इथे आखातात, आमच्या ऑफिसातले अबू हमद म्हणजे साठीचे, शांत गृहस्थ. खोर फक्कानच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची छोटी वाडी आहे. खजुराची झाडं, थोड्या शेळ्या, थोड्या कोंबड्या. एकदा लंचला ते सहज म्हणाले, की कोल्हा कोंबड्या पळवतोय. माणसानं अशा वेळी हळहळून गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "डोन्ट वरी, मी बघतो."

मी म्हणजे कोण? जन्म पुण्यात सदाशिव पेठेत, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, घर अल नहदात चौदाव्या मजल्यावर. कोल्हा पाहिलेला एकदाच, प्राणिसंग्रहालयात, तोही झोपलेला. पण त्या महिन्यात मी अमेरिकेतल्या कायोटीच्या शिकारीचे व्हिडिओ बघत होतो. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्हाच म्हणा ना. ती माणसं अंधारात लाल दिवा फिरवतात. लाल उजेडाला जनावर फारसं बिचकत नाही, पण त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. सोबत जखमी सशाचा आवाज लावायचा, की ते आपणहून जवळ येतं.

इथे शिकारीला बंदी, आणि मला मारायचंही नव्हतं. कोल्हा जवळ आला की तोंडावर पांढरा झोत टाकायचा आणि थाळी बडवायची. जन्मात परत फिरकणार नाही, अशी माझी खात्री.

बायको, मंजिरी, म्हणाली, "आधी तिथल्या चाचांना विचार." शेरजान चाचा म्हणजे वाडीचे राखणदार, पेशावरकडचे, वीस वर्षं तिथेच राहिलेले. मी तिला म्हणालो, चाचांना ही टेक्निक कुठून माहीत असणार? हे वाक्य आठवलं की आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोहोचलो. मी, मंजिरी आणि आमची बारा वर्षांची ईरा. चाचांनी चहा पाजला. मी मोठ्या उत्साहात त्यांना दिवे दाखवले, आवाजाचं सांगितलं. ते शेळ्यांबद्दल काहीतरी बोलू लागले, तर मी त्यांना मध्येच थांबवलं. "चाचा, आज आप आराम करो. सब मैं देखता हूँ." ते चहाचे कप उचलून आत गेले. काय करतील बिचारे? मालकाच्या ऑफिसातला साहेब ना मी.

अंधार पडल्यावर मी आणि ईरा पाण्याच्या टाकीमागे बसलो. लाल दिवा पेटवला आणि फोनवरून स्पीकरवर जखमी सशाचा आवाज लावला. बारीक, चिरका, थांबून थांबून रडल्यासारखा. ईरा कुजबुजली, "बाबा, इट साउंड्स लाइक अ बेबी." मी तिलाही गप्प केलं.

दहा मिनिटांत दोन डोळे चमकले. लालभडक. आता विचार करा, कोल्हा येणार कुंपणाबाहेरून, आणि हे डोळे येत होते गोठ्याच्या बाजूनं. पण इतका विचार करणारा माणूस तिथे बसलाच कशाला असता? डोळे दबकत येत नव्हते, चक्क धावत येत होते. काय धीट कोल्हा आहे, असं म्हणत मी पांढरा झोत टाकला आणि थाळी बडवली.

समोर एक तपकिरी शेळी उभी होती.

तिला काही दिसेना. ती उधळली आणि सुक्या पाटात कोसळली. चाचा धावत आले, पाटात उतरले आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचा पुढचा पाय वाकडा झाला होता.

"चार दिन पहले इसका बच्चा मर गया, साहब," ते हळूच म्हणाले. "ये समझी, वही रो रहा है."

तेवढ्यासाठी ती गोठ्याचं कुंपण ओलांडून आली होती. आणि चाचा मघाशी मला हेच सांगत होते.

स्पीकर अजून चालूच होता. पाटात पडल्या पडल्या ती त्या आवाजाकडे कान टवकारत होती. मी फोनवर भलतंच काहीतरी दाबत होतो, मला तो बंदच करता येईना. शेवटी ईरानं माझ्या हातातून फोन घेतला आणि आवाज थांबवला. ती रडत होती.

चाचांनी खजुराच्या झावळीच्या काड्या आणि मंजिरीची ओढणी घेऊन पाय बांधला. आम्ही सगळे तिथे वाकलेलो असताना खुराड्यात कालवा झाला. कोल्हा आला होता. एक कोंबडी घेऊन गेलाही.

दुसऱ्या दिवशी मी अबू हमदना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "खलास, हबीबी." म्हणजे झालं ते झालं, सोड आता. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

जनावरांच्या डॉक्टरनं पाय पुन्हा नीट बसवला. बरा व्हायला दोन महिने लागले. ती अजून किंचित लंगडते. मी दर शनिवारी हिरवा चारा घेऊन जायचो. ती मंजिरीच्या हातून खायची, ईराच्या हातून खायची, माझा आवाज आला की चाचांच्या मागे जाऊन उभी राहायची. दरम्यान चाचांनी खुराड्याभोवती जमिनीत हातभर खोल जाळी पुरून कोल्ह्याचा प्रश्न मिटवून टाकला. एका दुपारचं काम.

एकदा धीर करून मी त्यांची माफी मागितली. म्हणालो, तुम्ही नको म्हणत असाल तर मी पुन्हा येणार नाही.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कैसी बात करते हो साहब, आपका अपना घर है. रोज आओ." मग अगदी अदबीनं म्हणाले, "बस, दिन में आना."