चिमी घरातच आहे

माझ्यासारख्याने लिहावं का, कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शब्द चुकले तर माफ करा. पण गप्प बसवत नाही.

उलव्यातल्या एका टॉवरखाली आई कोळंबी सोलत बसली होती. नेहमीच्या गिऱ्हाईक ताई उतरल्या. सोललेल्या कोळंबीला हातही लावला नाही.

"मावशी, तुमच्या मुलाला तो औषधांना न जुमानणारा टीबी झालाय म्हणे. आणि तुम्ही आम्हाला मासे देता?"

आई हसली. "कोलंबी खोकते काय, ताई?"

ताई हसल्या नाहीत. वॉचमनला फिनेल आणायला लावलं. आई उठायच्या आत त्याने बादलीभर ओतलं. तिच्या पावलांवर. पाटीवर. पाटी उचलायला आलेला मी बघत राहिलो.

आई आजारी नव्हतीच. आजारी दादा. आणि हा रोग श्वासातून पसरतो, कोळंबीतून नाही.

त्या दिवसापासून आईने खिडक्या बंद केल्या. दादाचा खोकला गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. आणि त्याच कोंडलेल्या खोलीत त्याची चार वर्षांची लेक चिमी त्याच्या कुशीत झोपायची.

मग आरोग्यसेविका आल्या. "घरात लहान मूल आहे का? तपासून, आजार व्हायच्या आधीच गोळ्या सुरू करता येतात."

आईने चिमीला पडद्यामागे ढकललं होतं. "पोरगी मामाकडं हाय. मोरा गावाला."

पडदा हलत होता. माझ्या नाकात फिनेलचा वास भरला.

"नाय," मी म्हणालो. "ती इथंच हाय."

पडदा सरकवला. खिडकी उघडली. दादा खोकला. गल्लीतली दोघं थबकली. थबकू देत.

"आता कोन मासली घेल रं आपली?" आई म्हणाली.

चिमीचा एक्स-रे झाला. तपासण्या झाल्या. मग वाट बघणं. पनवेलला लेक्चरमध्ये फोन मांडीवर. घरी ती नुसती शिंकली तरी मी तिचं कपाळ चाचपायचो.

एक मात्र ठरवलं. गोळ्या मिळाल्या तर लपवून द्यायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसवून द्यायच्या, रोज, गल्लीसमोर. आई त्याच टॉवरखाली पाटी मांडेल. मी शेजारी बसेन. फिनेल आलं, तर बादली मी अडवेन.

आज दुपारी सेविकेचा फोन आला. "पोरीला आजार नाही. गोळ्या आल्यात. घेऊन या तिला."