देवळाच्या दारातलं पायताण

"कुणाच्या दारात आलाव, ध्यान हाय का?"

हे विचारताना ती तुमच्या तोंडाकडे बघत नसे. तिची नजर पायांवर. हातातली बाभळीची काठी दारात आडवी, म्हणजे आत जायची वाट बंद. पाय धुतलेले दिसले की काठी वर व्हायची. मग नजर चढत चढत डोक्यापर्यंत जायची आणि डोक्यावर पदर नसला तर काठी पुन्हा खाली. आमच्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या छोट्याशा चर्चमध्ये, उपासना पाळक चालवत. पण आत कोण कसं येईल ते दारावरची मावशी ठरवत असे. पाळक म्हणजे माझेच यजमान, त्यामुळे हे मी जबाबदारीनं सांगते आहे.

गाव पिंगळी स्टेशनात उतरून पुढं बैलगाडीच्या वाटेनं जायचं. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच नांदताहेत. मी नगरकडची, लग्न होऊन तिथं गेले. पहिल्याच रविवारी मावशीनं मला अडवलं. पाळकाची नवी नवरी, नवी साडी, खांद्यावर पदराला चापूनचोपून पिन.

"बाई, पदर."

"मावशी, पिन लावली आहे."

"मग पिन काढा. पदर डोईवर घ्याचा असतोय, खांद्याला टाचायचा नसतोय."

सगळ्या मंडळीपुढं मी पिन काढली. ती बोटात घुसली ते वेगळंच. त्या दिवशी पेटीवर मी अशी काही आदळआपट केली, की उपदेश करता करता हे माझ्याकडे वळून वळून बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "तिनं मलाही अडवलं होतं. धोतराचा सोगा लोळत होता." मग माझा राग जरा उतरला.

पेटी वाजवायची म्हणून माझी जागा पुढच्या कोपऱ्यात, आणि दार बरोबर माझ्या समोर. त्यामुळे मावशीचा कारभार मी बसल्या जागी बघत असे. पुरुषांनी टोपी, पटका काढायचा, बायांनी डोकं झाकायचं. "एकानं उघडायचं, एकानं झाकायचं, देवाला काय ते एक ठरवू द्या की," असं एक म्हातारा दर रविवारी कुरकुरायचा आणि दर रविवारी टोपी काढायचा. तंबाखूची चंची तिच्या हातावर ठेवायची, ती जाताना परत मिळे. तिच्या पदराच्या टोकाला कायम सुईदोरा अडकवलेला असे. कुणाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली दिसली की उभ्या उभ्या टाका घालून देई. "हालू नगंस, छातीत शिरंल." उपदेशात कुणाला डुलकी लागली तर काठीचं टोक हळूच बरगडीत. एकदा आमच्याकडे पाहुणे आलेले थोरले दीर घोरायला लागले. त्यांनाही तिनं ढोसलं. दीर दचकून "आमेन!" म्हणाले. अख्खी मंडळी हसली, आणि ती मात्र तोंडाला पदर लावून वर आढ्याकडे बघत बसली.

गरिबीला मात्र तिच्या दारात कधी अडकाठी नव्हती. ठिगळाचं लुगडं चाले, विरलेलं चाले. "फाटकं देव बगत न्हाई," ती म्हणे, "मळकं बगतोय."

पायताण तर बाहेरच काढायचं. ज्यांच्या चपला असत, त्यांच्या ती काठीनं सारख्या करून ठेवी. टाचा भिंतीकडे, तोंडं वाटेकडे, म्हणजे निघताना माणसानं नुसता पाय सरकवावा. पण ती रांग एवढीशीच असे. देऊळ माणसांनी भरलेलं आणि बाहेर जेमतेम मूठभर चपला. मला वाटायचं, गरिबी. तसं नव्हतं. निदान नुसतं तसं नव्हतं.

मंडळीची वस्ती गावाच्या एका अंगाला, ओढ्याकाठी. देऊळ दुसऱ्या अंगाला. मधली वाट मालकांच्या घरासमोरून. मालक म्हणजे ज्यांच्या कापसात नि ज्वारीत अर्धी वस्ती राबायची, ते. त्या गल्लीतून वस्तीच्या माणसानं पायताण घालून जायचं नाही, अशी जुनी रीत. ही माणसं ख्रिस्ती झाली म्हणून गाव त्यांची जात थोडंच विसरलं होतं! पुरुष चपला काढून काखेत मारत आणि गल्ली संपली की घालत. बाया त्या भानगडीतच पडत नसत, अनवाणीच येत. आणि ऐका, 'काढा' असं कित्येक वर्षांत कुणी म्हटलेलंही नव्हतं. कुणी काढा म्हणत नव्हतं आणि कुणी घालत नव्हतं. मावशीच्या टाचांच्या भेगांत ज्वारीचा दाणा बसला असता.

तिचा एकुलता एक मुलगा शमू परभणीला कॉलेजात होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यावरून आसपास घरं जळाली, ते दिवस. आमच्या गावात जळालं काही नाही, पण माणसं खाली मान घालून, हळू आवाजात बोलायला लागली. शमू मोर्च्याला जायचा. पोलिसांच्या लाठीनं दंड सुजवून एकदा घरी आला होता. मावशीनं हळद लावून दिली.

पुढं एका रविवारी तो आला तो गल्लीतून ताठ, पायात कातडी सँडल. मालक तेव्हा गावाला गेलेले होते, पण ओट्यावरच्या गड्यांनी पाहिलं, अडवलं मात्र नाही. शमू देवळाच्या दारात आला आणि काठी आडवी झाली.

"पायताण."

"न्हाई काढणार, आई."

माझी पेटी थांबली. हे वेदीपाशी पुस्तक हातात धरून उभे.

"कुणाच्या दारात आलास, ध्यान हाय का?"

"हाय की. बाप जिथनं काखेत वहाणा मारून गेला, तिथनं आज मी पायात घालून आलोय. आता हितं येऊन पुन्हा काढू?"

"देव आन् मालक एकच हाय का रं?"

"ते तूच सांग. दोघाच्या बी दारात काढायलाच लागतंय."

मावशीची काठी हलली नाही. शमू वळला आणि बाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसला, सँडल पायात ठेवून. तिथून गाणी ऐकू येत. तो बाहेरून आमच्याबरोबर म्हणत होता, आवाज गोड होता त्याचा.

असं मग चालूच राहिलं. तो सुट्टीला आला की लिंबाखाली, ती दारात. मध्ये चार पावलांचं अंतर, आणि दोघंही एकापेक्षा एक हट्टी. ह्यांनी समेटाचा प्रयत्न केला. "मावशी, येऊ द्या त्याला तसाच. शास्त्रात चपलांवरून कुणाला बाहेर ठेवलेलं नाही."

"शास्त्र तुमी बगा, पाळकसाब. दार मी बगते."

पण प्रभुभोजनाचा रविवार आला, भाकर आणि प्याला मंडळीत फिरला आणि शमू बाहेरच राहिला, तेव्हा ती खचली. त्या दिवशी उशिरा आलेल्यांचे चिखलाचे पाय आत गेले, एकीचा पदर खांद्यावरच राहिला, मावशीला कशाचं भान नव्हतं. ती दारातून लिंबाकडे बघत होती. पोटचा पोर देवाच्या जेवणाला मुकला, आणि आपल्याच काठीमुळे, हे तिच्या जिवाला लागलं होतं. मलाही ते बघवेना.

उपासना संपल्यावर मी लिंबाखाली दोघांना चहा घेऊन गेले. शमू आईच्या पायांशी बसला होता. चिडून नाही, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "आई, तू देवापुढं काय काढतीस गं? तुज्या पायात हाय काय काढायला?"

मावशीनं खाली बघितलं. स्वतःचे पाय पहिल्यांदाच दिसावेत तसं बघत राहिली. चहा तसाच निवला.

पुढच्या शनिवारी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. मी तांदूळ निवडत होते.

"बाई, मी येड्यावानी दारात बसते. लोकाला काढा काढा म्हणते. मी जल्मात कदी काय काढलंच न्हाई."

"मावशी, देवाला कळतं सगळं."

"त्याला कळतंय वो, मला कळाय नगं का?" मग थोड्या वेळानं, सूप माझ्या हातून ओढून घेत, "पोराला सांगितलंय. पायताण आण म्हणून. त्येला म्हनलं, मी घालून येते, तू काढून ये."

मी चमकले. घालून येते म्हणजे गल्लीतून! कापूस फुटला होता, वेचणीचे दिवस. मालकानं मनात आणलं असतं तर मावशीचंच काय, वस्तीतल्या कुणाचंच काम राहिलं नसतं. आणि काम जाणं हे त्या दिवसांत त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.

शमूनं परभणीहून चपला आणल्या. मावशी अंगणात चालायचा सराव करायला लागली. चिखलातून चालल्यासारखी पाय उचलून उचलून टाकायची. अंगठ्याला फोड आले. वस्तीतल्या बाया हसून लोळायच्या. "हसा गं, हसा. तुमचा बी नंबर येतोय," ती म्हणायची.

पुढं एका रविवारी सकाळी तिनं मला वस्तीत बोलावून घेतलं. "बाई, तुमी संगं चला." मी गेले. ती पुढं, धुवट पांढरं लुगडं, पदर डोक्यावर, हातात काठी. मी तिच्या बाजूला. मागं दबकत दबकत बाया. शमूला तिनं आधीच पुढं धाडला होता. "तू देवळापशी थांब. तू संगं आलास तर भांडण हुईल. म्हातारीशी कोण भांडतंय?"

गल्ली लागली. मालक ओट्यावर दाढी करून घेत बसले होते. अर्ध्या तोंडाला फेस. चपलांचा फटफट आवाज ऐकून न्हाव्याचा वस्तरा थांबला. मालकांची नजर थेट मावशीच्या पायांवर. मला वाटलं, संपलं सगळं.

"काय म्हातारे, पायात काय घातलंस?"

"पायताण हाय मालक."

"ते दिसायलंय की. कशापायी?"

"देवळाच्या दारात काढायला लागतंय, मालक. पायातच नसंल तर काढू काय?"

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. आवाजात ना टोमणा, ना भीती. मालकांनी रागवावं तर कुणावर, देवावर? गालावरचा फेस वाळायला लागला होता.

"कर रं तुजं काम," ते अखेर न्हाव्याला म्हणाले.

आम्ही पुढं निघालो. मावशीची पावलं आता सरळ पडायला लागली होती. गल्ली संपल्यावर मागच्या बायांतल्या एकीला हुंदका फुटला आणि लगेच बाकीच्या खिदळायला लागल्या.

देवळाच्या दारात शमू उभा होता. मावशीनं चपला काढल्या. पहिल्यांदाच काढत होती, त्यामुळे ते सावकाश झालं. काठीनं त्या भिंतीशी सारख्या केल्या, टाचा भिंतीकडे, तोंडं वाटेकडे. मग तिनं पोराकडे बघितलं. शमू वाकला, सँडलचे पट्टे सोडले, आणि आपला जोड आईच्या जोडाशेजारी ठेवला. मावशीला तिचं नेहमीचं वाक्य म्हणायचं असावं. "कुणाच्या..." एवढंच निघालं. तिनं काठी बाजूला घेतली आणि तो आत आला. मी पेटीवर बसले, पण सूर कुठला नि गाणं कुठलं! डोळ्यांतलं पाणी पट्ट्यांवर पडत होतं.

आता सगळं गोडच झालं असं नाही. त्या हंगामात मालकांनी तिला वेचणीला बोलावलं नाही. पुढच्या हंगामात मात्र बोलावलं, कारण तिच्यासारखा स्वच्छ कापूस वेचणारी दुसरी नव्हती. मधल्या काळात वस्तीनं तिला उपाशी ठेवलं नाही.

आणि बाया? एकीनं घातल्या, मग दुसरीनं. नाताळच्या आधी आठवडी बाजारातून सगळ्यांनी एकदमच आणल्या, एकाच दुकानातल्या, एकाच निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपरा. नाताळची उपासना सुटली आणि बाहेर नुसता गोंधळ! आपल्या कुठल्या ते एकीला ओळखू येईना. जन्मात वापरल्या असतील तर ना! कुणाच्या पायात दोन्ही डाव्याच. मावशी काठी आपटत ओरडत होती, "अगं, पाय वळखा आपापले!" मग तिनंच तोड काढली. पदराचा सुईदोरा काढून प्रत्येकीच्या पट्ट्याला वेगवेगळ्या रंगाचा टाका घातला. स्वतःच्या चपलेला हिरवा. जोड बदलले, तरी हिरवा टाका तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच थंडीत ती गेली. शमू तेव्हा परभणीला मास्तर होता, मोर्च्यांच्या दिवसांत वाढवलेली दाढी अजून तशीच. निकालाची बातमी त्यानं तिला अंथरुणाशी बसून सांगितली. "बरं झालं," ती म्हणाली, "आता तरी दाढी नीट करून हिंड."

तिची शवपेटी वस्तीतून त्याच गल्लीनं आली. मागं सगळी वस्ती, सगळ्यांच्या पायांत पायताणं. मी घाईनं देवळाशी पोचले तेव्हा दार मोकळं होतं. काठी आडवी नव्हती. माझा पदर खांद्याला टाचलेला. मी उंबऱ्यावर थांबून पिन काढली आणि पदर डोक्यावर घेतला.

पेटी आत ठेवून शमू बाहेर आला. पिशवीतून त्यानं हिरव्या टाक्याच्या चपला काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या.

"अरे, हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"आई आत गेलीय ना, पाळकीणबाई. तिचं पायताण भाईर नगं का?"

मग तिथं पडलेल्या चपलांचा पसारा बघून तो खाली बसला आणि एकेक जोड सारखा करायला लागला. एवढ्या चपला त्या दारात मी कधी पाहिल्या नव्हत्या. रांग भिंत संपून लिंबापर्यंत गेली.

उपासना झाली. पेटी उचलली गेली. माणसं आपापल्या जोडात पाय सरकवत कबरस्तानाकडे निघाली. मी मागं वळून पाहिलं. भिंतीशी हिरव्या टाक्याचा एकच जोड राहिला होता, टाचा भिंतीकडे, तोंडं वाटेकडे.