आई प्रकृतीवरच्या व्याख्यानाला आली

वीस वर्षं मी उज्जैनच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतेय, पण आईने माझं एकही व्याख्यान ऐकलं नव्हतं. "तुझं ते ब्रह्म न् माया मला काय कळणार," म्हणून ती हात झटकायची. मला ते लागायचं.

माधव नगरातल्या एका वाचनालयात माझं भाषण ठरलं, तेव्हा मी सवयीने फोन केला. विषय सांगितला, "ईश्वर आणि प्रकृती."

आई एकदम खूश. "हे बढिया! येते मी. शेजारच्या काकूंना पण आणते, त्यांची शुगर कंट्रोलमध्येच येत नाहीये."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला म्हणायचं होतं निसर्ग. दिवसभर हिंदीत शिकवून तोंडातून हिंदीतली 'प्रकृति' निघाली, आणि आईने ऐकली मराठीतली, म्हणजे तब्येत. चूक लगेच सुधारायला हवी होती. मी नाही सुधारली. खरं सांगते, मला ती यायला हवी होती.

दोघी पहिल्या रांगेत बसल्या. आईच्या मांडीवर डॉक्टरच्या कागदांची फाइल. मी सुरुवात केली. कुणी म्हणतं, ईश्वराने जग बाहेरून घडवलं, कुंभार मडकं घडवतो तसं. युरोपात एकाने सांगितलं, ईश्वर आणि निसर्ग वेगळे नाहीतच. आपल्या सांख्यांनी तर ईश्वराला बाजूलाच ठेवलं. त्यांची प्रकृती सगळं स्वतःच करते. बोलताना माझा एक डोळा आईवर होता. आता उठेल, मग उठेल. काकू डुलक्या घेऊ लागल्या.

शेवटी प्रश्नांची वेळ आली, आणि आईने हात वर केला. 

"मॅडम, ये बताइए," ती म्हणाली, "घुटने भी प्रकृति में आते हैं कि नहीं?"

सगळे हसले. मी उत्तर द्यायला गेले आणि थबकले. सांख्यांच्या मते शरीर, मन, बुद्धी, सगळी प्रकृतीच. म्हणजे आई काही चुकीच्या जागी आलेली नव्हती.

"आते हैं," मी म्हटलं.

नानाखेड्याला घरी जाताना रिक्षात मी कबूल केलं, "आई, तुझा घोळ झालाय हे मला फोन ठेवल्यावर लगेच कळलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

"मला पाच मिनिटांत कळलं."

"मग उठली का नाहीस?"

"वेडी आहेस का? सगळे इतकं मन लावून ऐकत होते तुझं. तुझी आईच उठून गेली असती तर कसं दिसलं असतं?"