लंकाबाई आणि पत्र्याचा राजा

आमचा तमाशाचा फड मोडला आणि राजाचा पार्ट करणारा मी घरी बसलो. तेव्हा फडात दिव्यांचं काम बघणाऱ्या मच्छिंद्रने पत्र्याचा एक रोबो बनवला. छातीवर रंगीत दिवे, कानाला लावायला हेडफोन आणि आत कॅसेटवर माझा आवाज: "तुमचं मन सोन्यासारखं आहे. तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण कुणाला त्याची किंमत नाही!" शहाण्णव साली नवरात्रात, मोहट्याच्या जत्रेत आम्ही तो उभा केला. बोलणारा दिसला तर गंमत जाते, म्हणून मी पडद्यामागे बसून कॅसेट लावायचो.

तिथूनच मी लंकाबाईला पाहिलं. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई. ठसठशीत कुंकू, खणखणीत बोलणं. रोज यायची, हेडफोन लावून डोळे मिटायची.

"ह्यो पत्र्याचा हाय, पर बोलतो कसा!" ती मच्छिंद्रला म्हणायची. "आमचं मानूस हाडामासाचं, तर तोंडात मिठाची गुळनी."

नवरा, सहादेव, लांब उभा असायचा. दसरा झाला की टोळी कारखान्यावर निघणार होती. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं लागतात, आणि लंकाबाईनं तर सांगून टाकलं होतं, यंदा मी माहेरी राहणार. कष्टाला ती भीत नव्हती. "दिसभर राबायचं, अन् पाचटाच्या कोपीत येऊन मुक्याशेजारी बसायचं. नगं बाई."

अष्टमीला कॅसेटची फीत गुंतली. समोर गर्दी! मी माईक हातात घेतला आणि फटीतून पाहतो तर पुढे सहादेव. टोळीतल्या बाया खिदळत होत्या, "सहादेव भावजी, तुमची बायको पळवली की ह्या डब्यानं!"

त्यानं हेडफोन लावला आणि रोबोच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "तिला काय काय बोलतो, हळू सांग राव. पाठ करतो."

राजानं माईक तोंडाशी धरला.

"मलाबी पाठ केलेलंच येतं, दादा," मी म्हणालो. "तू तुझं बोल."

तो मागे उभ्या लंकाबाईकडे वळला. घसा खाकरला. "अगं, मोळी माज्या डोईवर दिल्यावर, वझं नीट बसंस्तवर तू मानंला हात लावून धरतीस न्हवं... तेवढा येळ मला लई बरं वाटतं."

"आन् हे आज सांगता व्हय? इतकी वर्सं मोळ्या देतीया मी!"

"वझ्याखाली बोलता येत न्हाई."

लंकाबाई हसली, मग पदरानं डोळे पुसले. "येते मी. पर कोपीत डोईवर वझं नसतंय. तितं बोलायचं."

फड मोडल्यावर माझ्या आवाजाला कुणी विचारत नव्हतं. त्या माउलीनं तो डोळे मिटून ऐकला, हे तिचे उपकार. तिनं मला कधी पाहिलंही नाही.

पुढच्या नवरात्रात दोघं जोडीनं आली. रोबोपुढे हात जोडून ती म्हणाली, "बाबा, आता तुजं काम न्हाई. ह्ये इतकं बोलत्यात, झोपू देत न्हाईत!"

पडद्यामागे मी वाकून तिला मुजरा केला.