पावणं आलं की

बदकांत वाढलेल्या कुरूप पिल्लाची गोष्ट गुरुजींनी चौथीत सांगितली, ती माझ्या ओठाजवळच्या पांढऱ्या डागाकडं बघत. ते पिल्लू शेवटी पांढराशुभ्र हंस होतं म्हणे. मला धीर द्यायचा होता त्यांना. मला मात्र तेव्हाही रागच आला.

कोड पसरत गेलं. कागलजवळच्या आमच्या घरी थोरल्या बहिणीला बघायला पावणं आलं की आई मला गोठ्यात पाठवायची. "जरा म्हशींकडं बस की बाळा, पावणं जाईस्तोवर." शेणाच्या वासात बसून मी कपबश्यांचा आवाज ऐकायचो. बहिणीचं लग्न झालं, त्या दिवशीही मी गोठ्यातच होतो.

पुढं नोकरीला पुण्याला गेलो तो परत फिरकलोच नाही. अंगावरचा शेवटचा सावळा ठिपकाही गेला आणि मी हंसासारखा अखंड पांढरा झालो. गोष्टीतला हंस दुसऱ्या हंसांत राहतो, आईच्या दारात काही परत जात नाही. शहाणा होता लेकाचा.

मी गेलो. आई वारल्याचं भावकीतल्या एकानं कळवलं, म्हणून रक्षाविसर्जनाला गेलो. बहिणीच्या नवऱ्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं. चहाचा कप पुढं करत तो म्हणाला, "घ्या पावणं. कुठनं आलायसा?"

बहीण शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

मी कप घेतला. पावणं आलं म्हटल्यावर माझे पाय आपसूक गोठ्याकडं वळले.